सूक्ष्मवित्तातील स्पर्धा

सूक्ष्मवित्तातील स्पर्धा : गरीब कुटुंबांना तारणाशिवाय लहान रकमांची कर्जे देणाऱ्या दोन किंवा अधिक संस्था एकाच प्रदेशात, एकाच वर्गातील ऋणकोंमध्ये व्यवसाय करू लागल्या म्हणजे त्यांच्यात जी चढाओढ निर्माण होते, तीस ‘सूक्ष्मवित्तातील स्पर्धा’ असे म्हणतात. विक्रेत्यांची संख्या वाढली की किंमत उतरते व ग्राहकाचा लाभ होतो, हा अर्थशास्त्रातील परिचित सिद्धांत आहे. कर्जाचा व्यवहार मात्र वस्तुविक्रीहून वेगळा असतो. वस्तूचा विक्रेता किंमत हाती पडताच मोकळा होतो. धनकोस आपली रक्कम पुढील अनेक महिन्यांत परत मिळवावयाची असते आणि ती मिळणे वा न मिळणे हे ऋणकोने इतरत्र किती कर्ज काढले आहे, ह्यावरही अवलंबून असते. त्यामुळे ह्या क्षेत्रातील स्पर्धा गरिबांना काही बाबतींत उपकारक, तर काही बाबतींत अपायकारक ठरते. महाराष्ट्रातील कोरडवाहू तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव हा अशाच तालुक्यांपैकी एक होय.

पार्श्वभूमी : ग्रामीण महाराष्ट्रातील पतपुरवठ्याचा मूळ प्रश्न स्पर्धेच्या अतिरेकाचा नसून तिच्या अभावाचा होता. गावात कर्ज देणारा सावकार बहुधा एकच असे. ऋणकोची जमीन, पीक व अडचण ह्यांची त्यास पूर्ण माहिती असे आणि ऋणकोस दुसरा आश्रय नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, त्याचे मूळ ह्या एकाधिकारात होते. त्यानंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य अधिनियम व १९०४ चा सहकारी पतसंस्था अधिनियम संमत झाला. सावकारास प्रतिस्पर्धी निर्माण करणे, हा सहकारी पतपुरवठ्यामागील एक प्रमुख हेतू होता. तथापि १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, शेतकरी कुटुंबांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के व व्यापारी बँकांचा ०·९ टक्का होता. व्यावसायिक आणि शेतकरी सावकारांचा मिळून वाटा सु. ७० टक्के होता.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थात्मक पतपुरवठ्याचा पाया तेथे पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेने उशिरा व कच्चा घातला गेला. सेनगाव तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात मोडत असे; १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्यात समाविष्ट झाला. परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, १९७६ मध्ये नांदेड येथे मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा ह्यांमुळे ह्या भागात पीककर्जाची सोय झाली. परंतु पीककर्ज जमिनीच्या सातबाऱ्यावर मिळते. भूमिहीन मजूर, जमीन नावावर नसलेल्या स्त्रिया, छोटे दुकानदार व कारागीर ह्या व्यवस्थेबाहेरच राहिले. सूक्ष्मवित्ताचा उदय ही पोकळी भरून काढण्यासाठी झाला.

ह्या चळवळीची प्रेरणा बांगला देशातील ग्रामीण बँकेच्या प्रयोगातून मिळाली. मुहम्मद युनूस ह्यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावी सुरू केलेल्या ह्या प्रयोगास १९८३ मध्ये बँकेचा दर्जा मिळाला. भारतात राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ मध्ये ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने (स्थापना १९७५) व २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गटबांधणीचे कार्य केले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा ह्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हे दुष्काळी भागातील स्त्रियांनी स्वतःची बँक उभारल्याचे उदाहरण होय. ह्या संस्थांच्या जोडीला नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या बिगरबँकिंग वित्त कंपन्या आणि २०१५ नंतर लघुवित्त बँका ह्याच क्षेत्रात उतरल्या. अशा रीतीने ज्या वर्गास पूर्वी एकही संस्था विचारीत नसे, त्याच वर्गासाठी अनेक संस्थांत चढाओढ सुरू झाली.

कार्यपद्धती : सूक्ष्मवित्त कंपन्या साधारणतः एकमेकींना ओळखणाऱ्या स्त्रियांचा संयुक्त दायित्व गट करून कर्ज देतात. एकीचा हप्ता चुकल्यास तो इतर सभासदांनी भरावा, असा संकेत असतो. आठवड्यास, पंधरवड्यास वा महिन्यास ठरलेल्या ठिकाणी बैठक होऊन हप्ते गोळा केले जातात. तारण नसलेल्या ह्या कर्जाच्या परतफेडीमागे दोन शक्ती असतात : शेजारणींचा दबाव आणि कर्ज वेळेवर फेडल्यास पुढचे, अधिक मोठे कर्ज मिळण्याची आशा. स्पर्धेचा सर्वांत खोल परिणाम ह्या दुसऱ्या शक्तीवर होतो.

बचत गटाची रीत ह्याहून भिन्न आहे. त्यात सभासद प्रथम बचत करतात, बचतीतून आपसांत कर्ज देतात व नंतर गट बँकेकडून कर्ज घेतो. कर्जाचे वाटप व हप्त्यांची सवलत ह्यांचा निर्णय गटाच्या हाती राहतो. ग्रामीण बोलीत मात्र दोन्ही प्रकारांना सरसकट ‘गट’ म्हटले जाते आणि ह्या समान नावामुळे गटाची बचत व कंपनीचे कर्ज ह्यांतील भेद पुष्कळदा पुसट होतो.

अनुकूल परिणाम : स्पर्धेमुळे गरिबांना होणारे लाभ दुर्लक्षणीय नाहीत. पहिला लाभ उपलब्धतेचा होय; आजारपण, शाळेची फी वा शेळी-म्हैस खरेदी ह्यांसाठी सावकाराकडे जाण्याची सक्ती कमी होते. दुसरा लाभ सेवेच्या दर्जाचा. कर्ज मंजूर होण्यास लागणारा काळ कमी होतो, हप्त्यांच्या मुदतीत पर्याय मिळतात आणि ऋणकोस अधिक सौजन्याने वागविले जाते. तिसरा लाभ व्याजदराचा. परंतु तो आपोआप मिळत नाही. त्यासाठी दरांची तुलना करणे ऋणकोस शक्य असावे लागते. उदा., १०,००० रुपयांचे कर्ज ५० साप्ताहिक हप्त्यांत ‘१२ टक्के’ सरळ व्याजाने दिल्यास १,२०० रु. व्याज धरून हप्ता २२४ रु. येतो. मुद्दल दर आठवड्यास घटत असते, हे लक्षात घेतल्यास खरा वार्षिक दर सु. २३·५ टक्के पडतो. घटत्या शिलकेवर २२ टक्के दर उघडपणे सांगणारी संस्था अशा वेळी महाग वाटते, वस्तुतः ती स्वस्त असते. दर एकाच पद्धतीने जाहीर करण्याचे बंधन नसेल, तर स्पर्धा दरांत न होता केवळ कर्जाच्या रकमेत व मंजुरीच्या वेगात होते.

प्रतिकूल परिणाम : (१) अंतर्गत साहाय्याचा ऱ्हास : कर्ज लहान असो वा मोठे, सेवकाचा प्रवास, बैठक व नोंदी ह्यांचा खर्च जवळजवळ सारखाच येतो. समजा, तो दर कर्जामागे वर्षास १,५०० रु. आहे; तर ५,००० रुपयांच्या कर्जावर तो ३० टक्के, पण ४०,००० रुपयांच्या कर्जावर पावणेचार टक्केच पडतो. सेवाभावी संस्था मोठ्या कर्जांवरील नफ्यातून लहान कर्जांचा तोटा भरून काढीत असे. नवे प्रतिस्पर्धी प्रथम मोठ्या कर्जांचे फायदेशीर ऋणको ओढून घेतात. त्यामुळे हा नफा आटतो आणि सर्वांत गरीब ऋणकोंना देण्याची जुन्या संस्थेची कुवत कमी होते. क्रेग मॅकिंटॉश व ब्रूस विडिक ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे विवेचन सैद्धांतिक रीतीने मांडले. स्पर्धेतून सधन गरिबांचा लाभ व अतिगरिबांची हानी एकाच वेळी होऊ शकते, हा त्याचा मथितार्थ होय.

(२) माहितीचा अभाव : धनकोंची संख्या वाढली की, कोणत्या ऋणकोवर एकूण किती भार आहे हे त्यांपैकी कोणासही नीट कळत नाही. समजा, महिन्यास सरासरी १०,००० रु. मिळविणाऱ्या कुटुंबाने ३०,००० रुपयांचे कर्ज २४ टक्के दराने दोन वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सु. १,५८५ रु., म्हणजे उत्पन्नाच्या सु. १६ टक्के होतो. हा भार सोसण्याजोगा आहे. अशीच चार कर्जे चार संस्थांकडून घेतल्यास हप्ता सु. ६,३४० रु., म्हणजे उत्पन्नाच्या सु. ६३ टक्के होतो. प्रत्येक धनकोस आपले कर्ज सुरक्षित वाटते. सर्व कर्जे मिळून कुटुंब बुडते. अशा कुटुंबात एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जातो. काही काळ सर्व खाती नियमित दिसतात आणि वसुलीचे उत्तम आकडे हेच अरिष्टाचे आवरण बनते.

(३) परतफेडीच्या शिस्तीचा ऱ्हास : संस्था एकच असेल, तर कर्ज बुडविणारीस पुढचे कर्ज मिळत नाही. अनेक संस्था असल्या की, एकीचे दार बंद झाले तरी दुसरीचे उघडे असते आणि शिक्षेचा धाक ओसरतो. ह्याउलट, गटातील प्रामाणिक सभासदांवर इतरांचे हप्ते भरण्याचा बोजा पडतो व शेजारधर्मावर उभी असलेली व्यवस्था शेजाऱ्यांतील वैराचे कारण बनते.

(४) सेवकांवरील दडपण : कर्जवाटपाची उद्दिष्टे व त्यांवर आधारलेले उत्तेजनपर वेतन ह्यांमुळे क्षेत्रसेवक ऋणकोंची नीट चौकशी न करता दुसऱ्या संस्थेने बांधलेल्याच गटांना कर्ज देतात. नवा गट बांधणे व त्यास शिकविणे ह्यांपेक्षा हा मार्ग सोपा असतो. पुढे वसुलीच्या वेळी तेच दडपण ऋणकोकडे सरकते.

अन्यत्र आलेले अनुभव : दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियामध्ये ह्या प्रश्नाचे पहिले मोठे उदाहरण घडले. नव्वदीच्या दशकात तेथील यशस्वी सूक्ष्मवित्त संस्थांच्या ऋणकोंना उपभोग्य कर्जे देणाऱ्या कंपन्यांनी मुक्तहस्ते कर्जे दिली. १९९९ च्या सुमारास मंदी येताच थकबाकी वाढली व ऋणकोंच्या संघटनांनी कर्जमाफीसाठी आंदोलने केली. युगांडातील संस्थांच्या अभ्यासात (२००५) असे दिसले की, प्रतिस्पर्धी आल्यावर जुन्या संस्थेचे ऋणको तिला सोडून गेले नाहीत; मात्र त्यांची परतफेड व बचत दोन्ही घटली. ते एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्ज घेत असल्याचे हे लक्षण होते.

भारतातील सर्वांत मोठे अरिष्ट तत्कालीन आंध्र प्रदेशात ओढवले. तेथे शासनपुरस्कृत बचत गट व खाजगी कंपन्या ह्यांच्यात एकाच ऋणकोवर्गासाठी तीव्र चढाओढ होती. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने कंपन्यांच्या अनेक शाखा बंद केल्या. तरीही विस्तार थांबला नाही. २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्सच्या भागांची खुली विक्री झाली आणि त्याच वर्षी सक्तीची वसुली व ऋणकोंच्या आत्महत्या ह्यांबाबत तक्रारी वाढल्याने राज्य शासनाने १५ ऑक्टोबर रोजी वटहुकूम काढला. वसुली जवळजवळ बंद पडली. ह्या अरिष्टाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. एमिली ब्रेझा व सिंथिया किनन ह्यांच्या संशोधनानुसार, आंध्रातील तोट्यामुळे कंपन्यांनी इतर राज्यांत जेथे कर्जे आखडली, त्या जिल्ह्यांत मजुरीचे दर व कुटुंबांचा खर्च घटला. बेसुमार कर्ज जसे घातक, तसेच अकस्मात बंद झालेले कर्जही घातक, असा ह्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्रात ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर असाच प्रसंग उद्भवला. रोख मजुरी व रोख हप्ता ह्यांवर चालणारा व्यवहार ठप्प झाला. विदर्भातील अमरावती, नागपूर इ. जिल्ह्यांत कर्जमाफीच्या अफवा पसरल्या, हप्ते न भरण्याची आवाहने झाली व स्त्रियांनी मोर्चे काढले. ज्या कुटुंबांवर एकाहून अधिक कंपन्यांची कर्जे होती, त्यांना हा धक्का सोसणे सर्वांत कठीण गेले.

नियमन : आंध्रातील अरिष्टानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सूक्ष्मवित्त कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. एका ऋणकोस दोनपेक्षा अधिक अशा कंपन्यांनी कर्ज देऊ नये, तिचे एकूण कर्ज ५०,००० रुपयांहून अधिक असू नये, व्याजदरास मर्यादा असावी इ. नियम लागू झाले. कर्जमर्यादा पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. प्रत्येक कर्जाची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे करणे आवश्यक झाल्याने माहितीचा अभाव पुष्कळ अंशी दूर झाला. तथापि दोन धनकोंचा नियम केवळ ह्या कंपन्यांना लागू होता. बँका व लघुवित्त बँका त्यातून मोकळ्या होत्या. परिणामी नियम पाळूनही एका ऋणकोवर चार-पाच कर्जे साठू शकत.

हा दोष दूर करण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून नवे निदेश अंमलात आले. ते बँकांसह सर्व नियंत्रित संस्थांना लागू आहेत. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेले विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्मवित्त कर्ज, अशी व्याख्या करण्यात आली आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊ नयेत, असे बंधन घातले गेले. व्याजदरावरील कमाल मर्यादा मात्र उठविण्यात आली. दर ठरविण्याचे धोरण संस्थेच्या संचालक मंडळाने आखावे व सर्व आकार एकत्र दाखविणारे तथ्यपत्रक ऋणकोस द्यावे, असे ठरले. सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर वसुलीसाठी संपर्क साधणे, धमकावणे, आप्तांना त्रास देणे ह्यांस मनाई आहे. मे २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारीविषयक कायदे लागू होत नाहीत. म्हणून महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी (नियमन) अधिनियम ह्या ऋणकोंच्या उपयोगी पडत नाही. दर बाजारावर सोपविल्यानंतर स्पर्धेमुळे ते उतरतील, ही अपेक्षा सर्वत्र पुरी झाली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी दरांच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवी कर्जे मंजूर करण्यास मनाई केली होती. त्याच वर्षी व्यवसायाच्या स्वयंनियामक संस्थेने आपल्या सभासदांसाठी एका ऋणकोमागील धनकोंच्या संख्येवर पुन्हा मर्यादा घातली. २०२५ मध्ये कर्नाटक राज्याने सक्तीच्या वसुलीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

कोरडवाहू भागातील विशेष प्रश्न : पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या सेनगाव परिसरात सोयाबीन, कापूस, तूर व हळद ही प्रमुख पिके आहेत. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास, कापूस व तुरीचा त्यानंतर आणि हळदीचा उन्हाळ्यात हाती येतो. जून ते सप्टेंबर ह्या काळात बी-बियाणे, खते व घरखर्च ह्यांसाठी पैसा केवळ बाहेर जात असतो. साप्ताहिक वा मासिक हप्ता मात्र ह्या काळातही थांबत नाही. वरील उदाहरणातील कुटुंबाने तीन कर्जे घेतली असती, तर त्यांचा भार उत्पन्नाच्या सु. ४८ टक्के, म्हणजे नियमात बसणारा ठरला असता. पण ते १०,००० रु. वर्षाची सरासरी आहेत. श्रावणात तेवढी रक्कम घरात नसते. सरासरीवर बेतलेला नियम हंगामी उत्पन्नाच्या प्रदेशात त्यामुळे अपुरा पडतो.

दुसरा प्रश्न नोंदीबाहेरील कर्जांचा आहे. ऊसतोडीस जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. कृषी सेवा केंद्राची उधारी हंगामानंतर फेडली जाते. सावकाराचे व नातलगांचे हातउसने कर्ज निराळेच. ह्यांपैकी कशाचीही नोंद पतमाहिती कंपन्यांकडे होत नाही. स्पर्धा केवळ कंपन्या-कंपन्यांत नसून ह्या सर्वांत असते आणि हप्त्याची सर्वांत कडक वसुली करणाऱ्याचे देणे प्रथम फिटते. त्यामुळे कंपनीची वसुली चोख व सावकाराचे व्याज चढते, असेही घडू शकते. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत कुटुंब गावाबाहेर असल्याने हप्त्यांची जबाबदारी गावी राहिलेल्या सभासदांवर येते.

तिसरा प्रश्न साहाय्याच्या विषम वाटणीचा होय. महाराष्ट्र शासनाच्या २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना बँकांच्या शेतीकर्जांसाठी होत्या. सूक्ष्मवित्ताचे कर्ज घेणाऱ्या भूमिहीन स्त्रीस त्यांचा लाभ झाला नाही. पीककर्ज असलेल्यांची स्थितीही सुखाची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील गोरेगाव भागातील काही शेतकऱ्यांनी नापिकीमुळे बँकेचे कर्ज फेडता येत नसल्याने स्वतःचे अवयव विक्रीस काढत असल्याचे शासनास कळविले. हे कर्ज सूक्ष्मवित्ताचे नव्हते; परंतु पीक बुडाल्यावर हप्ता कोठून आणावयाचा, हा प्रश्न धनको कोणीही असला तरी तोच राहतो.

मूल्यमापन : सूक्ष्मवित्ताने दारिद्र्य नष्ट होईल, ही प्रारंभीची अपेक्षा अनुभवास उतरलेली नाही. भारतासह सहा देशांत झालेल्या व २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित प्रयोगांत कर्जाचे परिणाम माफक आढळले : काही छोटे व्यवसाय वाढले, सरासरी कुटुंबाच्या उत्पन्नात मात्र ठळक वाढ दिसली नाही. तरीही अडीनडीस खात्रीने मिळणारे कर्ज ही गरिबांची खरी गरज आहे. ती सावकाराच्या एकाधिकाराने भागत नाही, तशीच अनिर्बंध चढाओढीनेही भागत नाही. स्पर्धा हितकारक व्हावयाची असेल, तर सर्व धनकोंना समान नियम, एकूण कर्जभाराची पूर्ण नोंद, एकाच पद्धतीने जाहीर केलेले दर आणि पिकाच्या हंगामाशी जुळणारे हप्ते ह्या गोष्टी आवश्यक ठरतात. त्याबरोबरच बचत गटांची स्वतःची बचत वाढविणेही तितकेच महत्त्वाचे आहे. कारण ज्या घरात अडचणीपुरती शिल्लक आहे, त्यालाच दारात आलेल्या धनकोस नकार देता येतो आणि ग्राहकास नकार देता आला, तरच स्पर्धेचा लाभ त्याच्या पदरी पडतो.